रिलेशनल अल्जिब्रा आणि फर्स्ट-ऑर्डर लॉजिक: ताकद सारखी, पण कोणत्या अटींवर?

मच्छे_वेशीवर
डीबीएमएसच्या (डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम या विषयाच्या) कुठल्याही नोट्स उघडा, एक वाक्य असतंच: रिलेशनल अल्जिब्रा आणि रिलेशनल कॅल्क्युलस यांची अभिव्यक्तीची ताकद समान. अल्जिब्रा म्हणजे टेबलांवर एकामागून एक करायच्या क्रिया; कॅल्क्युलस म्हणजे हवं ते उत्तर "आणि", "किंवा", "नाही", "प्रत्येक", "असा एक आहे" यांच्या सूत्राने सांगणं, म्हणजे फर्स्ट-ऑर्डर लॉजिकचंच रूप. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) पोरांना हे वाक्य तोंडपाठ असतं, पण त्याच्या अटी कुणी विचारत नाही. इथे जाणकार आहेत म्हणून नीट उलगडून घेऊ.

सगळ्यांनी एकच उदाहरण धरावं, म्हणजे गोंधळ होणार नाही. तीन टेबलं:

पुरवठा(व्यापारी, माल): (क, मिरची), (क, तांदूळ), (ख, मिरची), (ग, तांदूळ)
मागणी(माल): मिरची, तांदूळ
लगत(गाव१, गाव२): (बेळगाव, संकेश्वर), (संकेश्वर, निपाणी), (निपाणी, कागल), (कागल, कोल्हापूर)

मिरची संकेश्वरी आणि तांदूळ बेळगावी बासमती समजा, हिशोबात फरक पडत नाही.

प्रश्न तीन. एक, लॉजिकमध्ये नुसतं "पुरवठा(व, म) नाही" असं लिहिता येतं; अल्जिब्रात नुसता नकार नाहीच, डिफरन्सला (एका टेबलातून दुसरं वजा करण्याला) दोन टेबलं लागतात. मग समान कसं? दोन, "मागणीतला सगळा माल देणारे व्यापारी" यात "सगळा" आहे, तो अल्जिब्रात कुठून येतो? तीन, बेळगावहून कोल्हापूरला पोहोचता येतं का, हे कशात लिहायचं?

तिसरंगेट
आधी प्रमेय नेमकं काय म्हणतं ते. संगणकशास्त्रज्ञ कॉडने १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं आणि १९७२ च्या लेखात अल्जिब्रा आणि कॅल्क्युलस यांची तुलना केली. अल्जिब्रातल्या मूळ क्रिया सहा धरा: सिलेक्ट (अटीत बसणाऱ्या ओळी निवडणं), प्रोजेक्ट (हवे तेवढेच रकाने ठेवणं), कार्टेशियन गुणाकार (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीची दुसऱ्याच्या प्रत्येक ओळीशी जोडी), युनियन (दोन टेबलं एकत्र), डिफरन्स (वजाबाकी), रिनेम (रकान्याचं नाव बदलणं). जॉइन (समान मूल्यावरून ओळी जोडणं), इंटरसेक्शन (दोन्हीकडे असलेल्या ओळी), डिव्हिजन ("सगळा"वाले प्रश्न, खाली येतीलच) या सगळ्या त्यांतूनच बनतात. प्रमेय असं: या सहा क्रियांनी जे विचारता येतं ते सगळं फर्स्ट-ऑर्डर सूत्राने विचारता येतं; उलट बाजूने मात्र फक्त डोमेनवर (चलांना घेता येणाऱ्या मूल्यांच्या संचावर) अवलंबून नसलेली सूत्रंच अल्जिब्रात येतात. नोट्समध्ये गळतो तो हा दुसरा अर्धा भाग.

तुमचा पहिला प्रश्न घ्या. "पुरवठा(व, म) नाही", व (व्यापारी) आणि म (माल) दोन्ही चल मोकळे, म्हणजे त्यांची मूल्यंच उत्तरात येणार. उत्तरात किती ओळी? पुरवठा आणि मागणी एवढीच टेबलं धरली तर त्यांत पाच वेगळी मूल्यं आहेत: क, ख, ग, मिरची, तांदूळ. चलांनी याच पाचांवर फिरायचं म्हटलं तर ५ × ५ = २५ जोड्या, त्यांतून चार वजा, म्हणजे २१. त्यात (मिरची, मिरची) आणि (तांदूळ, ग) असल्या जोड्याही आल्या. डोमेन म्हणजे सगळ्या शक्य अक्षरमाला धरल्या तर उत्तर अनंत. सूत्र तेच, डेटा तोच, उत्तर मात्र डोमेन बदललं की बदलतं. असल्या सूत्राला अल्जिब्रात जागा नाही आणि ती नसलेलीच बरी.

मनातला प्रश्न बहुधा वेगळा असतो: माहीत असलेल्या व्यापाऱ्यांनी माहीत असलेल्यांपैकी कोणता माल दिला नाही? मग सूत्रात तसं लिहा: व पुरवठ्यात कुठेतरी आहे, म मागणीत आहे, आणि पुरवठा(व, म) नाही. अल्जिब्रात (पुरवठ्याचं व्यापाऱ्यावर प्रोजेक्शन × मागणी) − पुरवठा. ६ − ४ = २ ओळी: (ख, तांदूळ) आणि (ग, मिरची).

नकाराची भीती सगळ्यांना असते, "किंवा"ची कुणालाच नसते. हे बघा: पुरवठा(व, मिरची) किंवा पुरवठा(क, म). साधं दिसतं. पण डाव्या बाजूने फक्त व बांधला जातो (टेबलातल्या मूल्यांपुरता मर्यादित होतो), उजव्या बाजूने फक्त म. पाच मूल्यांवर उत्तर १० + १० − ४ = १६ ओळी. आता मागणीत नुसता गूळ घाला, पुरवठ्याला हात लावू नका. मूल्यं सहा झाली आणि उत्तर १२ + १२ − ४ = २० वर गेलं. मागणी या सूत्रात कुठे आहे तरी का?

शहापूर_पेठ
मग सूत्र बघून सांगायचं की हे डोमेनवर अवलंबून हाय की नाही, एवढंच की. प्रोग्राम लिहून टाकूया आणि मोकळे.

तिसरंगेट
तसा प्रोग्राम होणारच नाही, अहो. डोमेन-स्वातंत्र्य अनिर्णेय आहे. त्राख्तेनब्रोतचं १९५० चं प्रमेय: दिलेलं वाक्य एखाद्या सान्त रचनेत (म्हणजे मर्यादित आकाराच्या डेटाबेसमध्ये) खरं ठरतं का, हे ठरवणारी पद्धत अस्तित्वात नाही. आता असं वाक्य घ्या ज्याचे क्वांटिफायर ("प्रत्येक" आणि "असा एक आहे") डेटाबेसमधल्याच मूल्यांवर फिरतात. त्याला "आणि ट(क्ष) नाही" जोडा, ट हे त्या वाक्यात नसलेलं टेबल, क्ष मोकळा. वाक्य कोणत्याच सान्त डेटाबेसमध्ये खरं होत नसेल तर उत्तर कायम रिकामं, म्हणजे डोमेन-स्वतंत्र. एकात जरी खरं झालं तरी डोमेन वाढवलं की उत्तर वाढतं. म्हणजे तुमचा प्रोग्राम चालला तर त्राख्तेनब्रोतचा प्रश्न सुटला. तो सुटत नाही.

म्हणून व्यवहारात सूत्राच्या आकारावर अट घालतात, तिला सेफ-रेंज म्हणतात. ती तपासता येते. काही निर्दोष सूत्रं तीत नापास होतात, पण त्यामुळे ताकद कमी होत नाही: प्रत्येक डोमेन-स्वतंत्र प्रश्नासाठी कुठलं तरी सेफ-रेंज सूत्र असतंच.

मच्छे_वेशीवर
ती तपासणी पायरीपायरीने सांगाल का? परीक्षेत "सेफ आहे का" विचारलं की पोरं नुसती "होय" लिहितात.

तिसरंगेट
सांगतो. चलांची नावं आधी वेगळी करा, एकच म दोन क्वांटिफायरखाली नको. मग "प्रत्येक" काढून टाका: "प्रत्येक म साठी असं" याच्या जागी "असं नसलेला एकही म नाही". "जर–तर" मोडून "नाही–किंवा" करा. नकार आत ढकला, पण "असा एकही नाही" याच्या आत नेऊ नका, नाहीतर "प्रत्येक" परत येईल.

मग आतून बाहेर येत प्रत्येक तुकड्याने कोणते चल बांधले ते लिहा. टेबलाचा उल्लेख त्यातले सगळे चल बांधतो. "क्ष = मिरची" क्षला बांधतं. "आणि" असेल तर दोन्ही बाजूंचे बांधलेले चल एकत्र; शिवाय "क्ष = य" जोडलेलं असेल आणि एक बांधलेला असेल तर दुसराही बांधला. "किंवा" असेल तर दोन्हीकडे समान असलेले तेवढेच. नकाराने काहीच बांधलं जात नाही. "असा एक म आहे" यात म आत बांधलेला नसेल तर तिथेच नापास. शेवटी सगळे मोकळे चल बांधलेले निघाले तर सूत्र सेफ-रेंज.

वरचं "किंवा"वालं सूत्र यात लगेच पडतं: डावीकडे बांधलेला फक्त व, उजवीकडे फक्त म, समान काहीच नाही.

घटप्रभाकाठ
दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण प्रत्यक्ष कामात चुका होतात त्या इथे. "मागणीतला सगळा माल देणारे व्यापारी". वरच्या पद्धतीने सूत्र: व पुरवठ्यात कुठेतरी आहे, आणि असा एकही म नाही की मागणी(म) आहे पण पुरवठा(व, म) नाही. आता एकेक तुकडा अल्जिब्रात उतरवा.

प१ = पुरवठ्याचं व्यापाऱ्यावर प्रोजेक्शन → क, ख, ग
प२ = प१ × मागणी → ६ ओळी
प३ = प२ − पुरवठा → (ख, तांदूळ), (ग, मिरची)
प४ = प३ चं व्यापाऱ्यावर प्रोजेक्शन → ख, ग
उत्तर = प१ − प४ → क

हीच डिव्हिजन. "सगळा" म्हणजे दोन डिफरन्स, बाकी काही जादू नाही.

हमखास होणारी चूक: प३ न काढता आधीच प्रोजेक्शन करणं. प२ चं व्यापाऱ्यावर प्रोजेक्शन केलं तर क, ख, ग. पुरवठ्याचं केलं तरी क, ख, ग. वजाबाकी रिकामी, म्हणजे प४ रिकामा आणि तिघंही उत्तरात. युनियनमधून प्रोजेक्शन आत नेता येतं, डिफरन्समधून नेता येत नाही. "असा एक आहे" हे "किंवा"वर वाटून देता येतं पण "आणि नाही"वर देता येत नाही, तोच हा नियम.

दुसरी गोम रिकाम्या मागणीची. मागणीत एकही ओळ नसेल तर प२ रिकामं, प४ रिकामं, उत्तर क, ख, ग तिघेही. लॉजिकनेही तेच येतं, दोघांचं जुळतं. पण एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या प्रत्यक्ष वापरातल्या भाषेत) बहुतेक जण मोजणीचा शॉर्टकट मारतात: पुरवठा आणि मागणीचं जॉइन, व्यापाऱ्यावर ग्रुप बाय (व्यापाऱ्यागणिक गट), आणि हॅविंगमध्ये (गटावरच्या अटीत) मालाची संख्या = मागणीची संख्या. मागणी रिकामी असेल तर जॉइन रिकामं, गट एकही बनत नाही, उत्तरात कुणीच नाही. तिघेजण आणि शून्य यांतला फरक एखाद्या महिन्याअखेरच्या रिपोर्टमध्ये उगवतो आणि कुणाला कारण कळत नाही. दोन नॉट एक्झिस्ट्स ("अशी एकही ओळ नाही") एकात एक लिहिले तर अल्जिब्रासारखंच उत्तर मिळतं.

आणखी एक: ज्याने कधी काहीच दिलं नाही असा घ हा व्यापारी प१ मध्ये येतच नाही. व्यापाऱ्यांचं वेगळं टेबल असेल आणि व ची मर्यादा त्यावर ठेवली, तर मागणी रिकामी असताना घ सुद्धा उत्तरात येईल. दोन्ही सूत्रं बरोबर आहेत, प्रश्न मात्र दोन आहेत. आधी विचारणाऱ्याला विचारा.

मिरची_संकेश्वरी
घटप्रभाकाठ यांच्या प२ बद्दल. १०,००० व्यापारी आणि ५,००० प्रकारचा माल असेल तर तो गुणाकार ५ कोटी ओळींचा. "जरा हुशारीने लिहिलं तर टळेल" असं वाटतं, पण मोजणी न वापरता, नुसत्या अल्जिब्राने टळत नाही. लाइंडर्स आणि वान डेन बुस्श यांनी २००५ मध्ये सिद्ध केलं की डिव्हिजनची कुठलीही अल्जिब्रा राशी (क्रियांची जुळणी, एक्स्प्रेशन) मधल्या टप्प्यात वर्गाच्या पटीत फुगतेच. म्हणून मोजणीचा शॉर्टकट वेगवान पडतो हे खरं. तो वापरायचा तर रिकाम्या मागणीची केस वेगळी हाताळा आणि मोजताना डिस्टिंक्ट (तोच माल एकदाच मोजणं) विसरू नका.

नल (मूल्य माहीत नसल्याची एसक्यूएलमधली खूण) राहिलंच की. कॉडच्या प्रमेयात टेबल म्हणजे संच, आणि लॉजिक दोन मूल्यांचं. एसक्यूएलमध्ये टेबलात ओळ दोनदा असू शकते आणि लॉजिक तीन मूल्यांचं: खरं, खोटं, अज्ञात. पुरवठ्यातला मागणीबाहेरचा माल काढायला "नॉट इन" लिहिलं आणि मागणीत एक ओळ नल असेल, तर उत्तर शून्य ओळी. कारण "माल नलपेक्षा वेगळा" हे अज्ञात, "आणि"च्या साखळीत एक अज्ञात आला की सगळं खरं कधीच होत नाही. नॉट एक्झिस्ट्सला हा त्रास नाही. एक्सेप्ट (एसक्यूएलची टेबलांची वजाबाकी) तर दोन नल एकच समजतो. तिन्ही "डिफरन्स"च, तीन वागणुकी. तेव्हा प्रमेय एसक्यूएलला जसंच्या तसं लावू नका.

खानापूर_जंगल
ह्यात आपल्या भागाचा एक खास घोळ. बेळगावचं सरकारी नाव २०१४ ला बदललं. जुन्या नोंदीत "बेळगाव", नव्या नोंदीत "बेळगावी". अल्जिब्राला ही दोन वेगळी मूल्यं, जॉइनमध्ये ओळी गळतात. आणि प्रोजेक्शनने गावं मोजली तर एक जास्त भरतं.

तिसरंगेट
हो, आणि त्यात अल्जिब्राचा दोष नाही. दोन्ही भाषा मूल्याच्या आत बघत नाहीत, फक्त समान की वेगळं एवढंच बघतात. प्रश्नात नाव घेऊन आलेली मूल्यं सोडली, तर बाकी सगळ्यांची एकास-एक नावं बदलली तरी उत्तर तसंच बदलून येतं. नावांच्या जोड्यांचं वेगळं टेबल करा आणि त्यातून जॉइन घ्या, दुसरा मार्ग नाही.

शहापूर_पेठ
तिसरा प्रश्न राहिला की ओ. बेळगाव ते कोल्हापूर. लगतचं लगतशी जॉइन चार टप्प्यांचं केलं की येतंय. मग अल्जिब्रात हे येत नाही असं कशाला म्हणतात?

तिसरंगेट
ह्या टेबलासाठी येतं. चार टप्प्यांसाठी चार उल्लेख सुद्धा लागत नाहीत:

ल१ = लगत ∪ (लगत जॉइन लगत), दोन टप्प्यांपर्यंत
ल२ = ल१ ∪ (ल१ जॉइन ल१), चार टप्प्यांपर्यंत

असंच पुढे ल४ मध्ये १६ टप्पे. (प्रत्येक जॉइननंतर मधला गाव प्रोजेक्शनने काढून टाकायचा.) पण अभिव्यक्तीची ताकद म्हणजे एकच राशी, आधी लिहून ठेवलेली, कुठल्याही डेटाबेसवर बरोबर चालणारी. रस्ता किती टप्प्यांचा आहे हे राशी लिहिताना ठाऊक नाही. तिथे अल्जिब्रा अडते आणि फर्स्ट-ऑर्डर लॉजिकही नेमकं तिथेच अडतं. आहो आणि उलमन यांनी १९७९ मध्ये अल्जिब्रासाठी हे दाखवलं.

कारण थोडक्यात: सूत्रातले क्वांटिफायर एकात एक किती खोल आहेत यावर त्याची नजर किती लांब जाते ते ठरतं. समजा न ही एक संख्या; एका नकाशात २न (न च्या दुप्पट) गावांचं एकच वर्तुळ आहे, दुसऱ्यात न गावांची दोन वर्तुळं. न पुरेसा मोठा असेल तर कुठल्याही गावातून ठराविक अंतरापर्यंतचं दृश्य दोन्हीकडे अगदी सारखं: इकडे एक रस्ता, तिकडे एक रस्ता. अशी दृश्यं दोन्हीकडे २न च. तेवढ्या खोलीच्या सूत्राला दोन नकाशे वेगळे ओळखता येत नाहीत. "पोहोचता येतं" हे सूत्रात लिहिता आलं असतं, तर "प्रत्येक गावातून प्रत्येक गावाला पोहोचता येतं" हे वाक्यही लिहिता आलं असतं आणि त्याने ते ओळखले असते.

एरेनफॉइश्त-फ्रेसे खेळाने (दोन रचना वेगळ्या ओळखता येतात का हे तपासणारा दोघांचा खेळ; फेऱ्या म्हणजे क्वांटिफायरची खोली) आकडाही मिळतो: रांगेत लावलेल्या वस्तूंवर फ फेऱ्यांत २ चा फ वा घात वजा १ किंवा जास्त लांबीच्या कुठल्याही दोन रांगा वेगळ्या करता येत नाहीत. तीन फेऱ्यांत ७ आणि ८ सारख्याच दिसतात. म्हणून "ओळींची संख्या सम आहे का" हेही दोन्ही भाषांत लिहिता येत नाही.

मच्छे_वेशीवर
काही ठिकाणी ह्याची सिद्धता कॉम्पॅक्टनेस प्रमेयाने (वाक्यांच्या संचातला प्रत्येक सान्त तुकडा खरा करता येत असेल तर अख्खा संचही करता येतो) दोन ओळींत देतात.

तिसरंगेट
ती सिद्धता अनंत रचनाही चालतील असं धरते. नुसत्या सान्त रचनांवर कॉम्पॅक्टनेस खरं नसतं आणि डेटाबेस कायम सान्त. म्हणून खेळ किंवा स्थानिकतेचा (वरच्या वर्तुळांसारखा) युक्तिवादच लागतो. परीक्षकाने दोन ओळींची सिद्धता पूर्ण गुण देऊन सोडली तर ते त्याचं औदार्य.

मोजणीबद्दलही बोलायला हवं. "किमान तीन प्रकारचा माल देणारे" हे येतं: पुरवठा तीनदा घ्या, व्यापारी समान, माल एकमेकांपासून वेगळे. ठरलेला आकडा असेल तर चालतं. "क पेक्षा जास्त माल देणारे" येत नाही, कारण तिथे आकडा डेटातून येतो. एसक्यूएलचं काउंट ही कॉडच्या अल्जिब्रावर टाकलेली भर आहे.

घटप्रभाकाठ
रस्त्याच्या प्रश्नाला एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात विथ रिकर्सिव्ह (स्वतःचंच उत्तर पुन्हा पुन्हा वापरणारी क्वेरी) आलं. डेटाबेसच्या सॉफ्टवेअरपैकी पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती ८.४ पासून, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून. वापरताना फसायच्या जागा दोन.

लगत टेबल एकेरी आहे. रस्ता दुहेरी, म्हणून (संकेश्वर, बेळगाव) अशा उलट ओळी घातल्या की वर्तुळ तयार होतं. युनियन ऑल (पुन्हा आलेल्या ओळीही ठेवणारं) लिहिलं असेल तर क्वेरी थांबतच नाही. नुसतं युनियन लिहा, आधी आलेली ओळ टाकली जाते आणि काम संपतं. पण लगेच कुणीतरी "किती टप्पे" असा रकाना वाढवतं. आता (निपाणी, २) आणि (निपाणी, ४) वेगळ्या ओळी, युनियनही थांबवत नाही. टप्प्यांवर वरची मर्यादा घाला किंवा वाटेतली गावं ॲरेमध्ये ठेवून पुन्हा येणारं गाव गाळा. पोस्टग्रेस १४ पासून यासाठी सायकल हे वेगळं कलम आहे.

तिसरंगेट
आणि या भरीने ताकद कुठवर जाते याचंही उत्तर आहे. १९८२ मध्ये इमरमन आणि वार्दी यांनी स्वतंत्रपणे दाखवलं: फर्स्ट-ऑर्डर लॉजिक, त्यात लीस्ट फिक्स्ड पॉइंट (नवीन काही मिळणं थांबेपर्यंत तीच पायरी परत करणं), आणि मूल्यांवर क्रम दिलेला असेल, तर बहुपदी वेळेत (डेटाच्या आकाराच्या ठराविक घाताइतक्या वेळेत) सुटणारे सगळे प्रश्न येतात, जास्त नाही. क्रम काढून घेतला तर सम-विषम पुन्हा हातातून जातं.

मिरची_संकेश्वरी
होय-नाही उत्तराचे प्रश्न कुणी काढले नाहीत. "सगळा माल देणारा कुणी आहे का?" लॉजिकमध्ये हे मोकळा चल नसलेलं वाक्य. अल्जिब्रात शून्य रकान्यांवर प्रोजेक्शन: उत्तर एक रिकामी ओळ (होय) किंवा एकही ओळ नाही (नाही). ही सोय अल्जिब्रात नाही धरली तर वाक्यं बाहेर राहतात आणि प्रमेय अपुरं पडतं. पोस्टग्रेस शून्य रकान्यांचं टेबल करू देतो, बाकी बऱ्याच ठिकाणी नाही.

मच्छे_वेशीवर
पोरांना घरी करायला एक प्रश्न द्या. डिव्हिजनच्या पुढचा, पण रिकर्शन नको.

घटप्रभाकाठ
"ज्यांचा माल नेमका मागणीइतकाच आहे, कमी नाही आणि जास्तही नाही, असे व्यापारी." डिव्हिजनच्या उत्तरातून मागणीबाहेरचं काहीही देणारे वजा करायचे:

ज = (पुरवठा − (प१ × मागणी)) चं व्यापाऱ्यावर प्रोजेक्शन
उत्तर = डिव्हिजन − ज

आपल्या टेबलांवर ज रिकामं, उत्तर क. मग पुरवठ्यात (क, गूळ) घालायला सांगा: डिव्हिजन अजून क च देते, ज मध्ये क येतो, उत्तर रिकामं. त्यानंतर मागणी पूर्ण रिकामी करायला सांगा. डिव्हिजन क, ख, ग. ज सुद्धा क, ख, ग. उत्तर पुन्हा रिकामं. आता व ची मर्यादा प१ ऐवजी व्यापाऱ्यांच्या वेगळ्या टेबलावर ठेवून, घ धरून, तेच परत करायला लावा. या वेळी उत्तरात फक्त घ यायला हवा. ज्यांचा घ येत नाही त्यांनी दोन जागा बदलायच्यात: डिव्हिजनची शेवटची वजाबाकी (प१ − प४ मधला प१) आणि प२. एकच बदललेली असते बहुतेक.

शहापूर_पेठ
एकच बदलली तर काय होतंय?

घटप्रभाकाठ
शेवटची तेवढी बदलली आणि प२ जुनाच ठेवला तर प४ मध्ये घ कधीच येत नाही. मागणी रिकामी असताना उत्तर बरोबर दिसतं, पण मागणीत मिरची परत घातली की काहीच न देणारा घ "सगळा माल देणारा" म्हणून डिव्हिजनमध्ये उभा. ज त्याला गाळत नाही, कारण मागणीबाहेरचंही तो काही देत नाही. दोन्ही मागण्यांवर चालवून बघायला सांगा.